पंट पुन्हा पुन्हा फसतोय? पंटरला दोष देण्याआधी हे तपासा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या पंटची, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथेने दूर मारून समोरच्या संघाला देण्याची, ही गोष्ट. लक्षणं ठरलेली आहेत. बचावफळी जीव तोडून खेळलेली असते, संघाकडे आघाडी असते, चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जाण्याचा शेवटचा प्रयत्न) येतो आणि पंट मारायला अकरा जण मैदानात उतरतात. तिथून पुढच्या दहा सेकंदांत सामना फिरतो. पंट ब्लॉक होतो, किंवा आखूड पडतो, नाहीतर समोरचा रिटर्नर तो झेलून थेट एंड झोनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवायच्या पट्ट्यापर्यंत, पळतो. पुढच्या शनिवारी पुन्हा काहीतरी तसंच घडतं, फक्त प्रकार वेगळा. चाहत्यांचा निकाल मात्र दर वेळी एकच असतो: पंटर बदला.

हा निकाल बहुतेक वेळा चुकतो, आणि म्हणूनच दुखणं वर्षानुवर्षं तसंच राहतं. क्रिकेटमध्ये धावबाद झालेल्या फलंदाजाकडे बघून चूक कोणाची ते कळत नाही. हाक कोणी दिली, कोण मध्येच थांबला, हे मागे जाऊन पाहावं लागतं. पंटही असाच मागे जाऊन पाहावा लागतो. अमेरिकेत शनिवारी कॉलेज फुटबॉल लावून बसणारी बरीच मराठी घरं आहेत. मुलं ज्या विद्यापीठात शिकली तो संघ आपला होतो, आणि त्याचे पराभव मनाला लागतात. या तपासणीला फोनवरच्या स्टॉपवॉचपलीकडे काही लागत नाही.

एकाच हंगामात जवळजवळ सगळे बिघाड पाहायचे असतील तर नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचं २०२१ साल घ्या. ३ विजय, ९ पराभव. नऊही पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झाले, आणि वर्षभराची बेरीज केली तर नेब्रास्काने दिलेल्या गुणांपेक्षा मिळवलेले गुण जास्त होते. इतका चांगला खेळून इतका हरलेला संघ क्वचितच सापडेल.

२८ ऑगस्टला इलिनॉयविरुद्ध नेब्रास्काच्या रिटर्नरने गोल लाइनला खेटून पंट झेलला, आपण एंड झोनमध्ये ढकलले जातोय हे पाहून चेंडू फेकला, आणि इलिनॉयला सेफ्टीचे (समोरचा आपल्याच एंड झोनमध्ये अडकल्याचे) दोन गुण मिळाले. निकाल २२–३०. १८ सप्टेंबरला ओक्लाहोमाने टचडाउननंतर, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेल्यावर, मिळणाऱ्या एक्स्ट्रा पॉइंटची किक अडवून तो चेंडू पार दुसऱ्या टोकाला नेला. म्हणजे एक गुण गेला आणि वर दोन द्यावे लागले. निकाल १६–२३. पुढच्याच आठवड्यात मिशिगन स्टेटविरुद्ध चौथ्या सत्रात २०–१३ अशी आघाडी असताना पंट चुकीच्या बाजूला गेला, जेडन रीड ६२ यार्ड पळाला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत २०–२३ असा पराभव. २० नोव्हेंबरला विस्कॉन्सिनने सामन्याची पहिलीच किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) ९१ यार्ड परत आणून टचडाउन केला. निकाल २८–३५. आणि २६ नोव्हेंबरला लिंकनमध्ये, आपल्याच मैदानावर, चौथ्या सत्रात आघाडी हातात असताना आयोवाने पंट ब्लॉक केला, चेंडू उचलून टचडाउन केला आणि सामना २१–२८ असा गेला.

पाच सामने आणि पाच वेगळे बिघाड. किकऑफ, एक्स्ट्रा पॉइंट, पंट मारणं, पंट झेलणं, पंटरचं रक्षण, यांत काम करणारी माणसंही वेगवेगळी. सगळे बिघाड एका पायात शोधून सापडणार नाहीत.

सरासरी बघू नका, नेट बघा

टीव्हीवर दिसते ती पंटची ढोबळ सरासरी: चेंडू किती यार्ड गेला. ती फसवी आहे. ५० यार्डांचा पंट रिटर्नरने १५ यार्ड परत आणला तर हाती राहिले ३५; हेच नेट. आपल्या ४५ यार्ड लाइनवरून मारलेला पंट थेट एंड झोनमध्ये गेला तर कागदावर ५५ दिसतात, पण टचबॅकमुळे समोरच्याला चेंडू २० यार्ड लाइनवर मिळतो, म्हणजे प्रत्यक्षात पुन्हा ३५. याउलट ४१ यार्डांचा उंच पंट, ज्यावर समोरच्याने फेअर कॅचचा (झेलून पळणार नाही असा) हात वर केला, तो पूर्ण ४१.

त्यामुळे आपल्या संघाची ढोबळ सरासरी ४५ च्या आसपास आणि नेट ३६–३७ असेल, तर पंटरचा पाय ठीक आहे आणि बिघाड पुढे, कव्हरेजमध्ये (रिटर्नरला गाठायला पळणाऱ्यांत) किंवा दिशेत आहे. दोन्ही आकडे खालावले असतील तर मागे बघायचं, स्नॅपपासून, म्हणजे ओळीतल्या मधल्या खेळाडूने पायांमधून पंटरकडे फेकलेल्या चेंडूपासून. नेट ४० च्या वर असेल तर खरं तर तक्रारीला फारशी जागाच नाही. एखादा लक्षात राहिलेला वाईट पंट आपल्याला छळत असतो.

घड्याळ लावा

आता मुख्य काम. पंटर स्नॅपरच्या मागे साधारण १४–१५ यार्डांवर उभा असतो. चांगल्या लाँग स्नॅपरचा चेंडू तिथे पाऊण सेकंदात, पंटरच्या मारत्या पायाच्या बाजूच्या कमरेशी पोचतो. पंटरने तो हातात नीट बसवून पायाला लावायला आणखी सव्वा ते एक पूर्णांक तीन दशांश सेकंद. स्नॅपरच्या हातून सुटल्यापासून पायाला लागेपर्यंत एकूण वेळ २.० ते २.१ सेकंद हवा. सामन्याच्या चित्रफितीवर हा वेळ घरबसल्या मोजता येतो. फोनवर दोनतीनदा मोजून सरासरी घ्यावी, कारण बोट मागेपुढे होतं.

वेळ २.३ च्या पुढे जात असेल तर पंट ब्लॉक होणं हा योगायोग राहत नाही. समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांनीही तो वेळ मोजलेला असतो आणि म्हणूनच त्या आठवड्यात ते जास्त माणसं सोडतात. मग हा वाढलेला वेळ दोन भागांत तोडा. चेंडू पोचायलाच उशीर होतोय का? की चेंडू वेळेवर येतोय, पण गुडघ्याशी किंवा डाव्या खांद्याकडे, त्यामुळे पंटरला आधी तो सावरावा लागतोय? बहुतेक चाहते हा दुसरा प्रकार पाहतच नाहीत. स्नॅप डोक्यावरून गेला तर सगळ्यांना दिसतो. कमरेपासून दोन फूट बाजूला आला तर कोणालाच दिसत नाही. पंटर मात्र एक पाऊल बाजूला टाकतो, पुढचा सगळा ताल बिघडतो, आणि चेंडू पायाच्या कडेला लागून २५ यार्डांवर बाहेर जातो. शिव्या पंटरला बसतात.

लाँग स्नॅपरचं नाव बऱ्याच चाहत्यांना ठाऊक नसतं. संघाला तो जायबंदी झाल्यावरच आठवतो. माझा आग्रह आहे की हंगाम सुरू होण्याआधी पंटरच्या नावाआधी हे नाव बघा, आणि त्याच्या मागे दुसरा कोण आहे तेही बघा. पहिला स्नॅपर बाहेर गेल्यावर पंट, फील्ड गोल आणि एक्स्ट्रा पॉइंट तिन्ही एकाच वेळी डळमळू लागतात. तिन्हींत एकदम बिघाड दिसला की पहिला संशय तिथेच घ्यायचा.

दुसरं मोजायचं ते चेंडू हवेत किती वेळ राहिला. ढोबळ नियम सोपा आहे: ४५ यार्डांच्या पंटला ४.५ सेकंद, ४० यार्डांच्या पंटला निदान ४. पंट लांब गेला आणि हवेत कमी राहिला तर रिटर्नरपाशी चेंडू आधी पोचतो आणि कव्हरेज मागे राहतं. ५० यार्डांचा ३.९ सेकंदांचा पंट ऐकायला छान वाटतो, पण समोरच्याला मोकळं मैदान देतो. असा पंट मारणाऱ्याला आणखी जोरात मार असं ओरडून सांगणं म्हणजे दुखणं वाढवणं.

रक्षण: कोण कोणाला सोडतोय?

कॉलेजात पंटची रचना एनएफएल या व्यावसायिक लीगपेक्षा वेगळी असते, आणि त्याला नियमाचं कारण आहे. एनएफएलमध्ये चेंडूला पाय लागेपर्यंत फक्त दोन्ही टोकांचे खेळाडू पुढे पळू शकतात. कॉलेजात स्नॅप होताच सगळ्यांना पळता येतं. म्हणून बहुतेक कॉलेज संघ शील्ड वापरतात: पुढे पसरलेली सात जणांची ओळ, पंटरच्या काही यार्ड पुढे तीन धिप्पाड खेळाडूंची भिंत, आणि मागे पंटर. पुढचे सात जण समोरच्याला क्षणभर अडवून पळत सुटतात. राहिलेल्यांना ती तिघांची भिंत पाहून घेते.

ही भिंत बहुधा दोनच प्रकारे फुटते. एक, तिघांतला कडेचा खेळाडू बाहेरून येणाऱ्याच्या मागे जातो आणि मधून वाट मोकळी होते. आतली वाट आधी बंद करायची, बाहेरून येणाऱ्याला लांबचा वळसा पडतोच, हे त्यांना शेकडो वेळा सांगितलेलं असतं. तरी सामन्यात डोळा बाहेर जातो. दोन, भिंत मागे सरकते आणि पंटरच्याच अंगावर येते. ब्लॉक झालेला पंट पुन्हा पाहताना चेंडूकडे न बघता या तिघांच्या पायांकडे बघा. एकदोनदा पाहिल्यावर बिघाड आपोआप दिसायला लागतो.

एकदा झालेला ब्लॉक दुरुस्त न करता तीच रचना पुन्हा उतरवली की काय होतं, याचा दाखला अलाबामात आजही दिला जातो. २ डिसेंबर १९७२, बर्मिंगहॅम. अपराजित अलाबामा १६–३ असा पुढे. शेवटच्या काही मिनिटांत ऑबर्नच्या बिल न्यूटनने पंट ब्लॉक केला आणि डेव्हिड लँगनरने तो टचडाउनला नेला. थोड्याच वेळात पुन्हा पंट आला, पुन्हा न्यूटनने अडवला, पुन्हा लँगनरने नेला. ऑबर्न १७–१६.

रक्षणाचा अजून एक भाग स्नॅपच्या आधीचा आहे. समोरच्या संघाने पंट झेलायला मागे कोणी ठेवलंय का, हे मोजणं. १७ ऑक्टोबर २०१५ ला अॅन आर्बरमध्ये मिशिगन २३–२१ असा पुढे होता, घड्याळात १० सेकंद उरले होते. मिशिगन स्टेटने मागे रिटर्नर ठेवलाच नाही, सगळे पुढे आणले. मिशिगनचे गनर (रिटर्नरला गाठायला कडेने पळणारे) मात्र नेहमीसारखे दूर कडेला उभे, जिथे अडवायला कोणी नव्हतं. स्नॅप पंटरच्या हातून निसटला, घाईत मारायला गेला, चेंडू मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हाती आला आणि तो ३८ यार्ड पळाला. २७–२३. रिटर्नर नसताना गनर दूर ठेवण्याचं काही कारण नसतं. त्यांना आत घेऊन भिंत घट्ट करायची, हा निर्णय बाजूला उभ्या प्रशिक्षकांचा. त्या पंटरला नंतर इतक्या घाणेरड्या गोष्टी ऐकवल्या गेल्या की मिशिगनच्या हंगामी अॅथलेटिक डायरेक्टरांना खुलं पत्र लिहून चाहत्यांना सुनवावं लागलं. वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला असं बोलणं मला कधीच पटलेलं नाही आणि पटणार नाही.

दिशा आणि कव्हरेज

नेब्रास्का–मिशिगन स्टेट सामन्यातला पंट इथे कामाला येतो. पंटरचा पाय त्या वेळी कमी पडला नव्हता. ठरलं होतं एका बाजूला मारायचं. दहा जण त्या बाजूला पळाले. चेंडू गेला दुसऱ्या बाजूला, जिथे रीड एकटा होता. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅश मार्कमधलं (खेळ जिथून सुरू होतो त्या खुणांमधलं) अंतर ४० फूट असतं, एनएफएलमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की एक बाजू अगदी अरुंद आणि दुसरी ओसाड माळासारखी उघडी राहते. अरुंद बाजूला, कडेच्या रेषेजवळ मारला तर रेषाच बचाव करते. चुकून उघड्या बाजूला गेला तर गावभर पळायला जागा.

तपासायचं असं: चेंडू पडला त्या जागी आपले किती जण होते आणि बाकीचे कुठे चालले होते. आपले सगळे एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे, असं दिसलं तर ताळमेळ बिघडलाय. आपले जण योग्य बाजूला होते पण एकाच रेषेत गोळा झाले, तर प्रत्येकाने आपली वाट सोडली. उपाय वेगळे आहेत. पहिल्यात सरळ, उंच, मधोमध मारायला सांगायचं आणि काही आठवडे दिशेचा नाद सोडायचा. दुसऱ्यात माणसं बदलावी लागतात. बहुधा राखीव खेळाडूंऐवजी वेगवान लाइनबॅकर आणि सेफ्टी (इथे बचावफळीतले खेळाडू) तिथे लावावे लागतात, मग ते मुख्य संघातले असले तरी.

पळत जाऊन मारायचा रग्बी पद्धतीचा पंट हा अनेकांना रामबाण उपाय वाटतो. तो कव्हरेजला वेळ देतो, हे खरं. पण पंटर चेंडू घेऊन टॅकल बॉक्सच्या (स्नॅपच्या जागेमागच्या ठरलेल्या चौकोनाच्या) बाहेर गेला की किकर म्हणून मिळणारं संरक्षण जातं, त्याला धडक दिली तरी १५ यार्डांचा दंड होत नाही. आणि उजव्या पायाचा पंटर दर वेळी उजवीकडेच पळतो, हे समोरच्याला दुसऱ्या सत्रापर्यंत कळतं. दोन्ही प्रकार येत असतील तरच तो वापरावा.

पंट झेलण्याबद्दल थोडक्यात. रिटर्नरने टाचा १० यार्ड लाइनवर ठेवाव्यात आणि चेंडू डोक्यावरून गेला तर मागे वळू नये; बराचदा तो एंड झोनमध्ये जाऊन टचबॅक होतो. इलिनॉयविरुद्धची सेफ्टी या एका सवयीने टळली असती. किकऑफला तर झेलणाऱ्या संघाला २०१८ पासून सोपी सोय आहे: २५ यार्ड लाइनच्या आत फेअर कॅच घेतला तरी चेंडू २५ वरच मिळतो. आणि किकऑफ मारणाऱ्या संघाला कव्हरेजवर भरवसा नसेल तर चेंडू एंड झोनपार मारणारा पाय शोधावा, बाकी काही नाही.

हे खातं कोणाकडे आहे?

वरचे सगळे बिघाड आलटून पालटून येत असतील तर मूळ बहुधा इथे असतं. नेब्रास्कात २०२० मध्ये स्पेशल टीम्सचं (पंट, किकऑफ अशा किकच्या पथकांचं) काम एका विश्लेषकाकडे होतं, आणि एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या त्या वेळच्या नियमांनुसार विश्लेषकाला मैदानावर शिकवता येत नव्हतं. ती मुभा फक्त मुख्य प्रशिक्षक आणि दहा साहाय्यकांना होती. २०२१ मध्ये ते काम आउटसाइड लाइनबॅकर्सच्या प्रशिक्षकाकडे गेलं, म्हणजे दिवसभर एक जबाबदारी आणि उरलेल्या वेळात दुसरी. त्या हंगामानंतर बिल बुश यांना पूर्णवेळ आणलं. पण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मुख्य प्रशिक्षक गेले, मग बचावाचे प्रमुखही गेले, आणि बुश यांना बचाव सांभाळायला उचललं. खातं पुन्हा अर्धवट. २०२५ साठी टेनेसीहून माइक एकलर आणले, तोवर चाहत्यांनी किती हंगाम घालवले ते नेब्रास्कात कोणालाही विचारा.

व्हर्जिनिया टेकमध्ये फ्रँक बीमर १९८७ ते २०१५ मुख्य प्रशिक्षक होते आणि स्पेशल टीम्स स्वतः शिकवायचे. मुख्य संघातले खेळाडू त्या पथकांत असायचे, कारण साहेब स्वतः तिथे उभे असायचे. त्यांच्या संघांनी ब्लॉक केलेल्या किका ही त्या विद्यापीठाची ओळख बनली. आठवड्याला सरावाचे २० तास ही एनसीएएची मर्यादा सगळ्यांना सारखीच आहे. त्यातली किती मिनिटं पंटला मिळतात, हे कोणाच्या शब्दाला वजन आहे त्यावर ठरतं. जून २०२४ पासून मैदानावर शिकवणाऱ्यांच्या संख्येची अट एफबीएस या कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात उठली आहे, त्यामुळे माणूस नाही ही सबब आता चालू नये. सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत मुख्य प्रशिक्षक "आम्ही हे दुरुस्त करू" म्हणतात तेव्हा चाहत्यांनी एवढंच विचारावं: कोण करणार, आणि सरावात कधी?

आणि खरंच पायच असेल तर

असतोही कधी कधी. स्नॅप कमरेशी येतोय, वेळ २.१ च्या आत आहे, अंगावर कोणी येत नाहीये, आणि तरीही चेंडू ३.६ सेकंदांत खाली येतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. हे तीनचार सामने सलग दिसलं तर पंटर बदलण्याची मागणी रास्त आहे.

चांगला पाय किती फरक पाडतो ते आयोवाने २०२३ मध्ये दाखवलं. यार्डांच्या हिशेबात त्यांचं आक्रमण एफबीएसमध्ये शेवटचं होतं, तरी संघ १० सामने जिंकला. मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलरने ९३ पंट मारले, एकूण ४,४७९ यार्ड, आणि १९३८ पासूनचा एका हंगामाचा विक्रम मोडला. त्या वर्षीचा सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कारही त्यालाच. मेलबर्नमधलं प्रोकिक ऑस्ट्रेलिया हे केंद्र २००७ पासून असे पंटर घडवून अमेरिकेत पाठवतंय. युटा, टेक्सस, केंटकी या विद्यापीठांना तिथूनच रे गाय पुरस्काराचे मानकरी मिळाले. लहानपणापासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळल्यामुळे धावता धावता, दोन्ही बाजूंना, हवा तसा फिरवून चेंडू मारणं त्यांच्या अंगात असतं.

पण अशा पंटरला आणायचं तर जानेवारीत आणा, ऑक्टोबरात बदलाबदल करू नका. आणि तो येईल त्या वर्षी शक्य तोवर लाँग स्नॅपर जुनाच ठेवा. दोघेही एकदम नवे असले आणि पहिल्याच सामन्यात पंट ब्लॉक झाला, तर स्टॉपवॉच लावूनही बिघाड कोणत्या टोकाला आहे ते सांगता येत नाही.